सिस्टरांची हँडओव्हर वही

मँचेस्टरला सिस्टरांच्या घरी भाडेकरू म्हणून राहायला गेलो, त्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला मागच्या शेडमध्ये नेलं आणि एका सायकलची तब्येत सांगितली. ताठ उभं राहून, हातात वही धरून. "सायकल, वय एकोणीस. मागचा ब्रेक झिजलेला, पुढचा नॉर्मल. साखळीला काल तेल दिलं. सकाळी हवा चेक करायची. एनी क्वेश्चन्स?" मी नुकताच पुण्याहून आलेलो, प्रवासाचा शीण अंगात तसाच. म्हटलं, "नाही." "मग इथं सही कर." मी सही केली. त्या सहीत काय काय येतं हे कळायला मला पुढे दोन वर्षं लागली.

सिस्टर म्हणजे रिटायर्ड वॉर्ड सिस्टर. विशीत नागपूरहून नर्सिंग शिकायला आल्या आणि चाळीसएक वर्षं एकाच हॉस्पिटलात काढली. आमच्या लेव्हनशुल्मच्या गल्लीत त्यांना सगळेच सिस्टर म्हणायचे. पोलिश शेजारीण, कोपऱ्यावरचा पंजाबी दुकानदार, पोस्टमन, सगळे. कुणाचं बोट कापलं तर तो आधी त्यांच्या दारावरची घंटी वाजवायचा आणि मग डॉक्टरला फोन करायचा. दिवाणखान्यात बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यासमोर रोज सकाळी वंदना, आणि मूर्तीशेजारीच सायकलचा पंप. तो तिथं का, असं एकदा विचारलं. "सकाळी दोन्ही लागतात, म्हणून," एवढंच उत्तर मिळालं.

हॉस्पिटल सुटलं, पण हँडओव्हर सुटला नाही. ड्युटी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटची सगळी हकिकत सांगते, तो हँडओव्हर. सिस्टर घरातल्या प्रत्येक गोष्टीचा हँडओव्हर द्यायच्या आणि घ्यायच्या. बाहेर जाताना शिजत ठेवलेल्या वरणाचा. बॉयलरचा. कुंडीतल्या कढीपत्त्याचा, जो मँचेस्टरच्या थंडीत कायम क्रिटिकल असायचा. सगळं एका जाड वहीत जायचं. वहीचे नियम दोनच होते. शिफ्ट संपल्याशिवाय नोंद करायची नाही. आणि चुकीची नोंद झाली तर ती एका सरळ रेघेनं खोडायची, बाजूला सही करायची, तारीख घालायची आणि खरं काय ते खाली लिहायचं. मी एकदा दुधाची नोंद चुकवली आणि सवयीनं वर गिचमिड केली. सिस्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे काय करून राहिला? खोडलेलं वाचता आलं पाहिजे. गिचमिड करणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं." दोन लिटर दुधासाठी मी इतका ओशाळलेला त्याआधी कधी नव्हतो.

सायकल त्यांनी मलाही धरायला लावली. आमच्या भागातून एक बंद पडलेली रेल्वेलाइन जाते. रूळ केव्हाच उपटले, आता तिथं सायकलचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना झाडी. या देशात असे जुन्या रेल्वेचे रस्ते पुष्कळ आहेत आणि सिस्टरांनी त्यातले बहुतेक पालथे घातलेले. रेल्वेला चढ जमत नाही, म्हणून हे रस्ते सपाट असतात. त्यांच्या गुडघ्यांना ते मानवायचं. पिवळ्या चकचकीत जॅकेटवर त्या नर्सचं ते उलटं लटकणारं घड्याळ लावायच्या आणि मध्येच एखादा चढ लागलाच तर तो संपल्यावर स्वतःचं मनगट धरून नाडी मोजायच्या. वाटेत जुनं स्टेशन लागलं, नुसता गवतात बुडालेला फलाट असला, तरी थांबायच्या, थर्मास काढायच्या. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, इथं गाडी थांबून साठ वर्षं झाली असतील." "मग काय झालं? आपण तर आलो ना!"

एकदा अशाच एका फलाटावर कातडीसारखे घट्ट कपडे घातलेला एक सायकलस्वार पोटरी धरून विव्हळत बसला होता. पायात गोळा आलेला. सिस्टरांनी त्याला न विचारताच त्याचा पाय मांडीवर घेतला, पंजा दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं त्याच्यापुढे चिवड्याचा डबा केला. "ईट. सॉल्ट. स्लोली, लव्ह." इकडे 'लव्ह' म्हणजे आपलं 'बाळा'. तो बिचारा डोळ्यांत पाणी आणून चिवडा खात होता, ते दुखण्यानं की मिरचीनं कोण जाणे. वहीत त्याचीही नोंद झाली. पुढे दोन दिवाळ्या त्याचं कार्ड येत होतं, चिवड्याची आठवण काढणारं.

आता मूळ गोष्टीवर येतो. एका हिवाळ्यात सिस्टर दारासमोरच्या बर्फावर घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यांचा एकुलता एक मुलगा लंडनजवळ हॅरोला असतो, फायनान्समध्ये. मँचेस्टरलाच जन्मलेला, वाढलेला, मराठी मोडकं, पण आईवर जीव. तो धावत आला आणि जेवणाच्या टेबलावर त्यानं विषय काढला. घर विकायचं, आईनं हॅरोला यायचं.

"आई, तुला रूम रेडी आहे. एन-सूट बाथरूम. गार्डन व्ह्यू. तू एकटा इथे पडलास तर?"

"एकटी कुठं? हा आहे ना," सिस्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. मुलानं माझ्याकडे असं पाहिलं की मीही त्याच्याच बाजूचा झालो.

त्या संध्याकाळी भांडी घासताना सिस्टर आपणहून बोलल्या. एरवी त्या स्वतःबद्दल बोलत नसत. "तिथं काही कमी नाही रे. सून चांगली आहे. पण मी आयुष्यभर लोकांना बघितलं. तिथं मला बघतील. तिथं सकाळी उठून माझं दार कोण वाजवणार?" आणि मग नळ इतका जोरात सोडला की मला पुढे काही बोलता आलं नाही.

शेवटी मायलेकांत करार झाला, तोही वहीत. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या साउथपोर्टपासून पूर्व किनाऱ्यावरच्या होर्नसीपर्यंत सायकलचा एक रस्ता आहे. दोनशेहून जास्त मैल, बराचसा जुन्या रेल्वेलाइनींवरून. निघताना मागचं चाक एका समुद्रात बुडवायचं, पोचल्यावर पुढचं चाक दुसऱ्या समुद्रात, अशी इथली पद्धत. मनगट बरं झालं की जूनमध्ये बहात्तर वर्षांच्या सिस्टरांनी हे अंतर स्वतःच्या पायांनी पार करायचं. चढावर उतरून ढकललेलं चालेल. पण कार, बस, ट्रेन, कशातही बसल्या तर हॅरो. पोचल्या तर घराचा विषय बंद. दोघांच्या सह्या झाल्या. साक्षीदार मी. सोबत जाणाराही मीच, हे मला सही झाल्यावर कळलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी मुलाचा मला फोन. "लुक, आई स्टबर्न आहे. तू मला डेली मेसेज कर, ओके? आई पडला का, थकला का. तिला सांगू नको." मी हो म्हटलं. चांगल्यासाठीच तर आहे, असं मनाला समजावलं. मन लगेच समजलं, तिथंच मला शंका यायला हवी होती.

साउथपोर्टला पोचलो तर समुद्र जागेवर नाही! ओहोटी. नजर जाईल तिथवर ओला चिखल, आणि पाणी कुठे तरी क्षितिजापाशी. आठवडाभर नकाशे, औषधं, गोळ्या, सुटे टायर यांच्या याद्या केलेल्या बाईनं भरतीचं वेळापत्रक तेवढं पाहिलं नव्हतं. चिखलात जाऊ नका अशी पाटी. सिस्टर दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग किनाऱ्यालगतच्या एका डबक्यात बोट बुडवून त्यांनी ते जिभेला लावलं. "खारट आहे. समुद्राचंच आहे." मागचं चाक डबक्यात घातलं. "लिही."

पहिले दोन दिवस सपाट रस्ते, कालवे, लिव्हरपूलच्या मागून झाडीतली जुनी लाइन. तिसऱ्या दिवशी तो रस्ता स्टॉकपोर्टवरून जातो, म्हणजे आमच्या घरापासून जेमतेम तीन मैल. माझे पाय आपोआप घराकडे वळले. गरम पाण्याची आंघोळ, स्वतःचं अंथरूण. सिस्टर म्हणाल्या, "ड्युटीवर असताना घरी जात नाहीत." आणि स्वतःच्या घरापासून तीन मैलांवर आम्ही एका बाईच्या बी अँड बीमध्ये, म्हणजे नाश्त्यासकट खोली देणाऱ्या घरात, उतरलो. तिनं विचारलं, कुठून आलात? "लेव्हनशुल्म," सिस्टरांनी शांतपणे सांगितलं. ती बाई सकाळपर्यंत आमच्याकडे जरा जपूनच बघत होती.

त्याच संध्याकाळी मी पकडला गेलो. खिडकीशी बसून मुलाला मेसेज लिहीत होतो आणि मागून आवाज आला, "बीपी कुठंय?" मी फोन पालथा टाकला. "काहून लपवतो? पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला. सहा वाजले की तुझं तोंड चोरासारखं होते." मी माफी मागायला लागलो. ती त्यांनी ऐकलीच नाही. त्यांचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. "'आई ठीक आहे.' हा काय हँडओव्हर झाला? माझं बीपी लिही. दुपारी दोनदा चक्कर आली, ते लिही. उजव्या गुडघ्याला सूज, ते लिही."

"पण सिस्टर, हे वाचून तो उद्याच गाडी घेऊन येईल."

"येऊ दे ना मग. पण खोटं लिहायचं नाही. माझ्या बाजूनं सुद्धा नाही."

तेव्हापासून रोज सहा वाजता त्या सांगत आणि मी त्यांच्या लेकाला त्यांचीच चहाडी लिहून पाठवी. मुलगा आला नाही. उत्तरं मात्र लांबत गेली. आधी नुसता अंगठा यायचा, मग 'गुडघ्याला आइस लाव', मग एक दिवस 'लंचला काय खाल्लं?'

चौथ्या दिवशी डोंगर. जुनी रेल्वे तिथं बोगद्यातून जायची, आता बोगदा बंद आहे आणि माणसांनी वरून जायचं. दगडांचा चढ, समोरून वारा, कडेला मेंढ्या. सिस्टर सायकल ढकलत होत्या. वीस पावलं चालायच्या, थांबायच्या, घड्याळ बघत नाडी मोजायच्या, पुन्हा वीस पावलं. एकदा नाडी मोजून झाल्यावर त्या आकडा बोलल्या नाहीत, तशाच हँडलवर वाकून उभ्या राहिल्या. मी फार घाबरलो. खाली रस्त्यावर गाड्या दिसत होत्या, नुसता हात केला असता तर कुणीही थांबलं असतं. मी म्हटलं, "सिस्टर, बस झालं. हॅरो काही वाईट नाही." त्यांनी मान वर केली. ओठ पांढरे पडलेले. "तुला जायचं तर जा हॅरोला," त्या म्हणाल्या आणि पुढची वीस पावलं मोजायला लागल्या. त्यांचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता आणि इतकी भीतीही. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी नाडीचा खरा आकडा वहीत लिहिला. तो बघून मीच खाली बसलो.

त्यानंतर उतार, मग यॉर्कशरची मैलोन्‌मैल सपाट शेतं. आठव्या दिवशी दुपारी हल शहराच्या पुढची शेवटची जुनी लाइन लागली. होर्नसी सहा मैल. वाऱ्याला खारट वास यायला लागला होता. सिस्टर पुढे, पिवळं जॅकेट फडफडतंय आणि चक्क गुणगुणतायत. मला इतका आनंद झाला की राहवेना. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात फोन. मी मुलाला लिहिलं, 'आई पोचली! होर्नसी!' सहा मैल काय, अर्ध्या तासाचा प्रश्न. पाठवलं आणि मान वर केली, तर समोर गाड्या येऊ नयेत म्हणून रस्त्याच्या मधोमध रोवलेला लाकडी खांब.

कॉलरबोन मोडलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. सिस्टर मागे वळल्या आणि त्या क्षणी बहात्तर वर्षांची गुडघा सुजलेली बाई नाहीशी झाली. आवाजसुद्धा बदलला. माझा हात छातीशी बांधला, डोक्याला मार आहे का बघितलं, अँब्युलन्सला फोन करून मी कुठं आहे, कसा आहे ते चार वाक्यांत सांगितलं. शेजारच्या शेतावरच्या म्हाताऱ्याच्या कोठारात दोन्ही सायकली ठेवून झाल्या. अँब्युलन्स आली, मला आत चढवलं. सिस्टर खाली उभ्या होत्या. अँब्युलन्सवाली म्हणाली, "आर यू कमिंग, लव्ह?"

मी ओरडलो, "सिस्टर, तुम्ही येऊ नका! सहाच मैल राहिलेत. मला काही होत नाही. तुम्ही जा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही. पिशवीतून क्रेप बँडेजचा तुकडा काढला, त्या खांबाला घट्ट गाठ मारून बांधला आणि गाडीत चढून माझ्याशेजारी बसल्या.

मला रडू आलं, आणि ते खांद्यामुळे नव्हतं. म्हटलं, "त्याला पोचलो म्हणून कळवलंय मी. तो मेसेज तसाच राहू दे. कुणाला कळणार नाही." सिस्टरांनी माझ्या खिशातून फोन काढून घेतला. "शिफ्ट संपायच्या आधी नोंद केलीस," त्या म्हणाल्या. रागावून नाही, थकून. मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यांनी मुलाला लिहिलं: 'आधीचा मेसेज चूक. पोचले नाही. मी गाडीत बसले. आई.' आणि वही उघडून खाली लिहिलं, डिस्चार्ज टू: मुलाचं घर, हॅरो. सही. तारीख.

हलच्या हॉस्पिटलमध्ये मुलगा आला तो जिंकल्यासारखा आला नाही. आईजवळ बसून राहिला. तो म्हणाला, "आई, लीव्ह इट, आपण नंतर बोलू." सिस्टर म्हणाल्या, "बोलायचं काय त्यात? सही आहे माझी." घरी आल्यावर त्यांनी कपाटं रिकामी करायला घेतली. दारासमोर घर विकण्याची पाटी लागली. पोलिश शेजारीण पाटी बघून आत आली आणि सिस्टरांच्या गळ्यात पडली. मी पुढचे दोन महिने गळ्यात झोळी अडकवून घरभर फिरायचो आणि रोज स्वतःला शिव्या द्यायचो. सिस्टरांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. ते फार जड जायचं. कढीपत्त्याची कुंडी मात्र मला दिली, रीतसर हँडओव्हर देऊन.

ऑगस्टमध्ये माझा हात मोकळा झाला, घराला अजून गिऱ्हाईक लागलं नव्हतं, तेव्हा त्या म्हणाल्या, "चल. राउंड अर्धा सोडून मी कुठं जात नसते." मुलाला कळवलं, तर तो म्हणाला, मीही येतो. हलला भाड्याची सायकल घेऊन उभा होता. ऑफिसचे बूट, हेल्मेट उलटं. सिस्टरांनी ते सरळ करून पट्टा बांधून दिला, शाळेत सोडताना बांधत असतील तसा.

त्या म्हाताऱ्याच्या कोठारातून आमच्या सायकली घेतल्या आणि त्या खांबापाशी आलो. बँडेज होतं. मळकं, दोरे सुटलेलं, पण गाठ तशीच. सिस्टरांनी ते सोडलं, घडी करून खिशात ठेवलं आणि बरोबर तिथूनच पायडल मारलं. मुलगा मध्ये मध्ये धापा टाकत होता. त्या पुढे जाऊन त्याच्यासाठी थांबायच्या आणि घड्याळाकडे बघून विचारायच्या, "नाडी बघू का?"

होर्नसीला समुद्र जागेवर होता. या खेपेला त्यांनी भरती बघून ठेवली होती. वाळूतून सायकल ढकलत नेली आणि पुढचं चाक पाण्यात घातलं. लाट आली, बूट भिजले. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग वाळूवर येऊन वही काढली, ताठ उभ्या राहिल्या आणि मुलाला हँडओव्हर द्यायला लागल्या. "पेशंट, वय बहात्तर. बीपीच्या गोळ्या सकाळी. उजवा गुडघा, थंडीत त्रास. तिखट कमी केलं तर चिडते. संध्याकाळी सहाला कुणाशी तरी बोलायला लागतं." वही मिटून त्यांनी विचारलं, "एनी क्वेश्चन्स?"

"एक आहे," मुलगा म्हणाला. "त्या अँब्युलन्समध्ये पेशंट कोण होता?"

"हा." माझ्याकडे बोट.

"आणि तू?"

सिस्टर खाली वाकून भिजलेल्या बुटांवरची वाळू झटकायला लागल्या.

"तू ड्युटीवर होता, आई. तू गाडीत बसला नाही, तू पेशंट घेऊन गेला. राँग एन्ट्री आहे ती."

त्यानं त्यांच्या हातातून वही घेतली, पान शोधलं, गुडघ्यावर ठेवलं. 'मुलाचं घर, हॅरो' यावरून एक सरळ रेघ ओढली, खालचं स्वच्छ वाचता येईल अशी. बाजूला सही केली. खाली लहान मुलासारख्या मराठी अक्षरांत लिहिलं, 'आईचा घर'. मग वही परत दिली.

सिस्टरांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. रेघ एकच आहे ना, सही आहे ना, सगळं तपासलं.

"तारीख राहिली," त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढून पदर नसलेल्या त्या पिवळ्या जॅकेटच्या टोकानं पुसत राहिल्या.